युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून घरबसल्या जर्नल्स कशी वाचायची: नवीन पीएचडीवाल्यांसाठी सगळ्या पायऱ्या

मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि ऊसतोड कुटुंबांवर समाजशास्त्रात पीएचडी करतेय. रजिस्ट्रेशन झाल्यावर पहिले आठ महिने माझं वाचन म्हणजे गुगलवर लेख शोधायचा, सारांश वाचायचा, आणि खाली गेलं की पस्तीस-चाळीस डॉलर मागणारी पाटी. एका लेखाला तीन हजार रुपये. त्यातले दोन लेख मी खरंच विकत घेतले, मिस्टरांच्या कार्डावरून, कारण प्रपोजलची तारीख जवळ आली होती. पुढे कळलं की त्यातलं एक जर्नल माझ्याच विद्यापीठाला चालू होतं, पैसे आधीच भरलेले होते, फक्त मला लॉगिन नव्हतं आणि लॉगिन मागायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. गाइड सरांनाही वाटत होतं की ते फक्त कॅम्पसवरच्या कॉम्प्युटरवर चालतं.

तेव्हापासून माझ्यामागून आलेल्या सहा-सात जणांना मी फोनवर हेच सांगतेय, म्हणून आता एकदाचं नीट लिहून काढते. मुख्यतः महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांत रजिस्टर असलेल्या, पण गावाकडे राहून किंवा नोकरी करून संशोधन करणाऱ्यांसाठी हे आहे. एमए, एमएस्सीवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी हे जवळ ठेवा

लायब्ररीत जाण्याआधी एका फायलीत हे घाला, नाहीतर एका कागदासाठी परत एसटीचे चार तास जातात, माझे दोनदा गेले.

- पीएचडी नोंदणीचं पत्र, नाहीतर विद्यार्थी असाल तर बोनाफाईड. मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स
- चालू वर्षाची फी भरल्याची पावती. जुन्या वर्षाची चालत नाही, माझा पहिला हेलपाटा याच्यामुळेच झाला
- आधार कार्डाची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो
- लायब्ररीचा मेंबरशिप फॉर्म, त्यावर गाइडची आणि विभागप्रमुखांची सही. सही आधी घ्या, मग लायब्ररीत जा, कारण विभाग आणि लायब्ररी कधीकधी कॅम्पसच्या दोन टोकांना असतात
- विद्यापीठाचा ईमेल आयडी. नसेल तर आधी तो काढा, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्याच्यावर अडतात
- डिपॉझिट लागलं तर थोडे रोख पैसे. त्याची पावती शेवटपर्यंत जपून ठेवा, ते परत मिळतं

१. तुमचं नाव कुठल्या दारातून आत जातं ते ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन नावाची योजना मंजूर केली, सगळे तिला ओएनओएस म्हणतात. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत आणि त्यातून ३० प्रकाशकांची मिळून जवळपास १३,००० ई-जर्नल्स ६,३०० पेक्षा जास्त सरकारी संस्थांना मिळतात. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड, केंब्रिज असे मोठे प्रकाशक त्यात आहेत. हे सगळं सांभाळते ती गांधीनगरची इन्फ्लिबनेट, यूजीसीचंच केंद्र आहे ते. आधी काय व्हायचं की ज्या विद्यापीठाकडे पैसे जास्त त्यांच्याकडे जर्नल्स जास्त, आणि आमच्यासारख्या मागास भागातल्या विद्यापीठांनी वर्षाला जमतील तेवढीच घ्यायची. आता निदान यादीतल्या जर्नल्सच्या बाबतीत आमचं विद्यापीठ आणि एखादी आयआयटी सारख्याच पानावर आहेत. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. ज्या गावातून कोयत्याला माणसं जातात त्याच गावात बसून त्यांच्यावर जगात काय लिहिलं गेलंय ते वाचता येणं, हे पाच वर्षांपूर्वी शक्य नव्हतं.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगते. ओएनओएसचा पहिला टप्पा सरकार चालवतं त्या संस्थांसाठी आहे. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं शिक्षण संस्थांची, म्हणजे ट्रस्टची असतात, आणि प्राध्यापकांचा पगार सरकारकडून येतो म्हणून आपण त्यांना सहज सरकारी म्हणून जातो. पण पगार सरकारचा असला तरी कॉलेज सरकारी होत नाही. त्यामुळे आपलं कॉलेज यादीत असेलच असं धरून चालू नका, ओएनओएसच्या साइटवर संस्थांची यादी आहे तिच्यात नाव शोधा. इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळं करून शोधा आणि शहराच्या जुन्या-नव्या दोन्ही नावांनी बघा.

कॉलेजचं नाव नसलं तरी तुम्ही पीएचडीला रजिस्टर आहात ते राज्याच्या विद्यापीठाकडे. म्हणजे तुम्ही त्या विद्यापीठाचे विद्यार्थी आहात. मी कॉलेजची शिक्षिका म्हणून गेले तेव्हा मला नाही म्हणाले, नोंदणीचं पत्र घेऊन विद्यापीठाची संशोधक विद्यार्थिनी म्हणून गेले तेव्हा त्याच काउंटरवर फॉर्म मिळाला. तुमचं रिसर्च सेंटर संलग्न कॉलेजात असेल तर तर हे आवर्जून करा, कारण अशा मुलांना वाटतं आपली लायब्ररी म्हणजे कॉलेजची लायब्ररी, आणि विद्यापीठाच्या लायब्ररीत ती कधी जातच नाहीत.

आणि कॉलेजची लायब्ररीही सोडू नका. कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटचीच एन-लिस्ट नावाची वेगळी सोय आहे. मी बघितलं तेव्हा अनुदानित कॉलेजला तिची वर्षाची फी जीएसटी धरून ५,९०० रुपये होती, विनाअनुदानितला बरीच जास्त. त्यात ई-बुक्स भरपूर आहेत. कॉलेजच्या ग्रंथपालांकडे ॲडमिनचं लॉगिन असतं, ते तुमचा ईमेल टाकून युजर तयार करतात. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या कॉलेजात फी दरवर्षी भरली जात होती आणि वापरणारे दोघंच होते.

२. लायब्ररीत नेमकं कोणाला भेटायचं

पुस्तकं देण्या-घेण्याच्या काउंटरवर विचारू नका, तिथल्या लोकांचं हे काम नसतं आणि ते आपले "सिस्टीम बंद आहे" सांगून मोकळे होतात. पिरिऑडिकल सेक्शन, म्हणजे नियतकालिकांचा विभाग, कुठे आहे ते विचारा, किंवा सरळ विचारा की ई-रिसोर्सेस कोण बघतं आणि ओएनओएसचे नोडल ऑफिसर कोण आहेत. बहुतेक ठिकाणी हे उपग्रंथपाल किंवा सहायक ग्रंथपाल असतात. पुण्याला जयकर, कोल्हापूरला खर्डेकर, मुंबईला कलिन्याची नेहरू लायब्ररी अशी मोठी लायब्ररी असेल तर वेबसाइटवर ई-रिसोर्सचं पान असतं, जाण्याआधी ते वाचून जा.

भेटल्यावर तीन गोष्टी मागा, आणि नीट नाव घेऊन मागा. "ऑनलाइन जर्नल पाहिजेत" एवढंच म्हणालात तर एक वेबसाइट कागदावर लिहून देतील आणि विषय संपेल.

एक, कॅम्पसबाहेरून वाचायचं लॉगिन. बऱ्याच विद्यापीठांत हे इन्फेडमधून असतं, इन्फ्लिबनेटचीच सोय आहे ती, एकच युजरनेम-पासवर्ड सगळ्या प्रकाशकांना चालतो. काही विद्यापीठांनी वेगळं रिमोट ॲक्सेसचं सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. दोन्ही असतील तर दोन्ही मागा. दोन, ओएनओएस सोडून विद्यापीठाने स्वतःच्या पैशाने काय काय घेतलंय त्याची यादी. ही यादी साइटवर जुनी असते, त्यांच्याकडे एक्सेलमध्ये नवीन असते. तीन, लॉगिन बिघडलं तर कोणाला मेल करायचा तो ईमेल.

माझा अनुभव सांगते, लायब्ररीतल्या ज्या मॅडमनी मला इन्फेडचं लॉगिन करून दिलं त्या म्हणाल्या की वर्षभरात कॅम्पसबाहेरचे मोजकेच लोक मागायला आले. त्यांनी अर्धा तास बसून सगळं दाखवलं. कोणी तरी विचारायला आलं याचाच त्यांना आनंद होता. तर संकोच करू नका.

३. कॅम्पसवर असताना

कॅम्पसवर लॉगिन लागत नाही. विद्यापीठाच्या इंटरनेटचे ठरलेले आयपी ॲड्रेस, म्हणजे त्या कनेक्शनचे ओळख नंबर, प्रकाशकांकडे नोंदवलेले असतात, त्या नेटवरून तुम्ही साइट उघडली की प्रकाशकाला कळतं की हे अमुक विद्यापीठ, आणि लेख आपोआप उघडतो. बऱ्याच साइटवर वर कोपऱ्यात विद्यापीठाचं नाव येतं. ते नाव दिसतंय का हे आधी बघा, नाव नसेल तर पुढे खटपट करण्यात अर्थ नाही.

नाव का येत नाही त्याची मला सापडलेली कारणं:

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडलेला असतो. कॅम्पसमध्ये बसलोय म्हणजे कॅम्पसचं नेट असं नाही.

हॉस्टेलचं वायफाय वेगळ्या कंपनीचं असतं. हे फार जणांना माहीत नसतं. मुख्य इमारतीला एक लाइन, हॉस्टेलला दुसरी, आणि दुसऱ्या लाइनचा आयपी प्रकाशकांना कळवलेलाच नसतो. मग मुलं म्हणतात लायब्ररीत चालतं, रूमवर चालत नाही. यावर उपाय असा की हॉस्टेलच्या वायफायवर असताना गुगलवर "माझा आयपी काय" असं शोधा, येईल तो आकडा लिहून घ्या, लायब्ररीत जाऊन तोही असाच बघा, आणि दोन्ही आकडे त्या ई-रिसोर्सवाल्यांना मेल करा. आमच्या मुलींच्या हॉस्टेलला असंच चालू झालं, एका मुलीच्या एका मेलवर, आणि आता दीडशे मुलींना रूमवर बसून वाचता येतं.

तिसरं म्हणजे फोनवर किंवा ब्राउझरमध्ये फुकटचं व्हीपीएन चालू असतं, त्याने आपला खरा आयपी लपतो. ते बंद करा.

कॅम्पसवर असतानाच अजून एक करून घ्या. आपल्या गुगल अकाउंटने साइन इन करून त्या नेटवर गुगल स्कॉलर उघडा आणि चार-दोन लेख बघा. स्कॉलर तुमचं विद्यापीठाशी असलेलं नातं साधारण महिनाभर लक्षात ठेवतं, त्यामुळे काही प्रकाशकांचे लेख नंतर घरूनही उघडतात. सगळ्यांचे नाही, पण महिन्यातून एकदा विद्यापीठात चक्कर होत असेल तर ही सवय लावून घ्या.

४. घरून लेख उघडायचा तो असा

समजा मला जर्नल ऑफ पेझंट स्टडीजमधला एक लेख पाहिजे. हे टेलर अँड फ्रान्सिसचं आहे.

लेखाचं पान उघडायचं. लेखाचा डीओआय, म्हणजे त्या एका लेखाचा कायमचा ओळख नंबर, माहीत असेल तर तो टाकून सरळ जायचं, नावाने शोधलं की कधीकधी भलत्याच साइटवर जातो.

पैसे मागणाऱ्या बटणाकडे बघायचं नाही. जवळच कुठे तरी "ॲक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन" किंवा "इन्स्टिट्यूशनल लॉगिन" असं लिहिलेलं असतं, काही साइटवर नुसतं "शिबोलेथ" लिहितात. तिथे क्लिक करायचं.

विद्यापीठाचं नाव शोधायचं खिडकीत. नाव नाही आलं तर फेडरेशन निवडायचा पर्याय बघा आणि इन्फेड निवडा, मग भारतातल्या संस्थांची यादी येते. इथेही जुनं नाव-नवं नाव दोन्ही करून बघा.

मग लायब्ररीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड. इथे खूप जण चुकतात, प्रकाशकाच्या साइटवर जे स्वतःचं अकाउंट उघडतो त्याचा पासवर्ड टाकतात. ते अकाउंट वेगळं, लायब्ररीचं वेगळं. स्वतःच्या अकाउंटने लेख उघडत नाही, त्याचा उपयोग फक्त सर्च सेव्ह करायला आणि नवीन अंक आला की मेल यायला.

आत गेल्यावर लेखाच्या नावाजवळ उघडं कुलूप किंवा हिरवी खूण दिसते. दिसलं की पीडीएफ घ्या.

लॉगिन झालं तरी लेख बंदच दिसत असेल तर बहुतेक वेळा वर्षाची भानगड असते. जर्नल यादीत असलं म्हणजे त्याचा पहिल्या अंकापासूनचा सगळा माल मिळतो असं नसतं, जुने अंक प्रकाशक वेगळे विकतात. माझ्या विषयावर १९७०च्या दशकातले काही लेख अजूनही आधाराला घ्यावे लागतात, त्यातला एक असाच अडला. म्हणून यादीत बघताना जर्नलच्या नावापुढे कुठल्या वर्षापासून आहे तेही बघा. आणि सारख्या नावाची जर्नल्स खूप असतात, आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, जुळवूनच खात्री करा.

५. यादीत नसेल तर

समाजशास्त्र, इतिहास, मराठी, अर्थशास्त्र या विषयवाल्यांना हे जास्त लागतं. सायन्सवाल्यांचं बरंचसं काम वरच्या चार पायऱ्यांत होतं.

ज्या क्रमाने मी करते त्याच क्रमाने सांगते. आधी गुगल स्कॉलरमध्ये लेखाच्या खाली "ऑल व्हर्जन्स" असतं ते उघडते. बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर त्याची प्रत ठेवलेली असते, छापील पानांसारखी दिसत नाही पण मजकूर तोच असतो. संदर्भ देताना मात्र पान नंबर छापील अंकाचे द्यावे लागतात हे लक्षात ठेवा. ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाका, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर बाजूला हिरवं कुलूप दिसतं, शोधावंच लागत नाही.

मग जेस्टोर, म्हणजे जर्नल्सच्या जुन्या अंकांचा ऑनलाइन संग्रह. तिथे स्वतःचं मोफत अकाउंट काढलं की ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड होत नाहीत, स्क्रीनवरच वाचायचे, पण १०० लेख म्हणजे भरपूर झाले. ईपीडब्ल्यूचे, म्हणजे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे, जुने अंक तिथे आहेत आणि साखर कारखाने, सहकार, दुष्काळ, स्थलांतर यावर काम करणाऱ्याला ईपीडब्ल्यूशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. अगदी ताजे अंक जेस्टोरवर नसतात, काही वर्षं मागे असतात, ताज्यासाठी लायब्ररीचं सबस्क्रिप्शन आहे का विचारा, किंवा छापील अंक टेबलावर पडलेला असतोच.

भारतातले प्रबंध शोधगंगेवर आहेत, लॉगिनशिवाय प्रकरणवार पीडीएफ मिळतात. नुसता प्रबंध वाचायचा म्हणून नाही, तुमच्याच विषयावरच्या प्रबंधाची संदर्भसूची काढा, सहा महिन्यांचं शोधणं वाचतं. जुने सरकारी अहवाल, समित्यांचे रिपोर्ट, जुनी पुस्तकं लागत असतील तर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या गाडगीळ लायब्ररीने आपला मोठा संग्रह स्कॅन करून मोफत ठेवलाय, तिथे बघा. मेडिकल आणि बायोवाल्यांना पबमेड सेंट्रल, फिजिक्स-मॅथ्सवाल्यांना अर्काइव्ह, हे त्यांना माहीत असतंच.

तरी नाही मिळालं तर लेखकाला मेल करा. अगदी चार ओळी. मी कोण, कुठल्या विद्यापीठात, विषय काय, तुमचा हा लेख आमच्या लायब्ररीत नाही, प्रत पाठवू शकाल का. लेखाच्या पहिल्या पानावर ईमेल असतो. मी आतापर्यंत अकरा जणांना लिहिलं, आठ जणांनी पाठवला, एका बाईंनी तर सोबत अजून दोन लेख आणि न छापलेला एक टिपणवजा मजकूर पाठवला आणि मुकादम-उचल पद्धतीत, म्हणजे मुकादमाने आगाऊ पैसे देऊन मजूर बांधून घ्यायच्या पद्धतीत, अलीकडे काय बदललंय असं मलाच विचारलं. त्या पत्रव्यवहारातून माझ्या तिसऱ्या प्रकरणाची दिशा ठरली.

शेवटी डेलनेट. दिल्लीचं ग्रंथालयांचं नेटवर्क आहे, तुमची लायब्ररी मेंबर असेल तर दुसऱ्या लायब्ररीतला लेख मागवून देतात. यात मागणी आपली लायब्ररी करते, आपण नाही, म्हणून फॉर्म भरून द्यावा लागतो आणि थोडी वाट बघावी लागते.

चोरीच्या साइट्सबद्दल सगळेच विचारतात. त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध साइटवर तीन प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावलेला आहे. मी तो रस्ता इथे सांगणार नाही, आणि त्याला माझ्याकडे अजून एक कारण आहे: तुम्ही तिथून लेख घेतला की आपल्या लायब्ररीला कधीच कळत नाही की हे जर्नल कोणाला तरी हवं होतं. पुढची पायरी वाचलीत की मी काय म्हणतेय ते लक्षात येईल.

६. लायब्ररीला जर्नल वाढवायला लावा

ही पायरी कोणी करत नाही आणि मला सगळ्यात जास्त हीच सांगायची आहे.

लायब्ररी कुठलं जर्नल घ्यायचं आणि कुठलं बंद करायचं ते वापराच्या आकड्यांवर ठरवते. प्रकाशक दरमहा रिपोर्ट देतात, कुठल्या जर्नलचे किती लेख उघडले गेले. त्यात दुसराही एक आकडा असतो, किती वेळा कोणी लेख उघडायला गेलं आणि बंद असल्यामुळे परत फिरलं. म्हणजे कॅम्पसच्या नेटवरून किंवा विद्यापीठाच्या लॉगिनने तुम्ही बंद लेखावर क्लिक केलंत तर ती तुमची मागणी म्हणून नोंदली जाते. घरच्या नेटवरून लॉगिन न करता केलंत तर कुठेच नोंद नाही. म्हणून उघडणार नाही असं वाटत असलं तरी आधी विद्यापीठाच्या रस्त्याने एकदा प्रयत्न करा.

दुसरं, लेखी द्या. तोंडी सांगितलेलं कोणाच्या फायलीत जात नाही. पत्र असं दिलं होतं आम्ही:

"माननीय ग्रंथपाल यांस, मी समाजशास्त्र विभागाची संशोधक विद्यार्थिनी आहे. अमुक जर्नल, आयएसएसएन अमुक, प्रकाशक अमुक, आपल्या सध्याच्या यादीत नाही. गेल्या तीन महिन्यांत यातले पाच लेख मला लागले, त्यांची नावं सोबत जोडली आहेत. विभागातले आणखी चार संशोधक आणि दोन मार्गदर्शक यांनाही हे जर्नल लागतं, त्यांच्या सह्या खाली आहेत. प्रकाशकाकडून ३० दिवसांची मोफत ट्रायल मागवावी आणि पुढच्या वर्षाच्या खरेदीत याचा विचार व्हावा ही विनंती."

यात ट्रायलचा शब्द महत्त्वाचा आहे. प्रकाशक ट्रायल आनंदाने देतात, लायब्ररीला खर्च नाही, त्यामुळे हो म्हणणं सोपं असतं. आणि ट्रायल मिळाली की त्या महिन्यात विभागातल्या सगळ्यांनी ते जर्नल खरोखर वापरा, कारण शेवटी आकडे बघितले जातात. आमची पहिली ट्रायल दिवाळीच्या सुट्टीत आली, कोणी वापरलं नाही आणि प्रस्ताव तिथेच संपला. दुसऱ्या वर्षी आम्ही जानेवारीत मागितली, व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, एमएच्या मुलांना असाइनमेंटच त्यातून दिली.

खरेदीची वेळ सांभाळा. जर्नल्सची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर असते आणि नूतनीकरणाचं काम त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत चालतं, म्हणून पत्र ऑगस्ट-सप्टेंबरात पोचलं पाहिजे. मार्चमध्ये दिलं की "बजेट संपलं" हेच उत्तर येतं. आणि पत्राची एक प्रत विभागप्रमुखांना द्या, लायब्ररी कमिटीच्या बैठकीत विभागांचे लोक बसतात, तिथे कोणी तरी तोंड उघडायला हवं.

आमच्या तीन मागण्यांपैकी एक मंजूर झाली. मला तेवढ्यावर समाधान नाही, यंदा उरलेल्या दोन परत देणार आहे.

७. या चुका करू नका

एका झटक्यात शेकडो पीडीएफ उतरवू नका, आणि डाउनलोड करणारं सॉफ्टवेअर तर अजिबात लावू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते लगेच कळतं आणि तो एकट्या तुम्हाला नाही, सगळ्या विद्यापीठाचा आयपी बंद करतो. कोणाचा तरी प्रबंध सबमिशनवर असतो आणि तुमच्यामुळे चार दिवस सगळं ठप्प.

लॉगिन कोणाला देऊ नका. मैत्रिणीला लेख पाहिजे असेल तर तिला लॉगिन काढायला लावा, ते तिच्याच फायद्याचं आहे.

पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करून सायबर कॅफेत विसरू नका.

"तीन दिवसांत पेपर छापून देतो" असे मेल येतात ती जर्नल्स वेगळी, वाचायच्या कामाची नाहीत आणि छापायच्याही नाहीत. यूजीसी-केअर ही मान्य जर्नल्सची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली, त्यामुळे "आम्ही केअर लिस्टेड आहोत" असं आता कोणी सांगत असेल तर तिथेच सावध व्हा.

आणि मराठी नियतकालिकं या सगळ्यात शोधू नका. ती ओएनओएसमध्ये सापडणार नाहीत. त्यासाठी पिरिऑडिकल सेक्शनमध्ये जाऊन बांधीव अंक काढूनच बसावं लागतं. परवानगी घेऊन मोबाइलवर पानांचे फोटो काढा, आणि अंकाचा महिना-वर्ष दिसेल असा मुखपृष्ठाचा फोटो आधी काढा, नाहीतर सहा महिन्यांनी कुठलं पान कुठल्या अंकाचं ते आठवत नाही.

८. वाचलेलं ठेवायचं कुठे, आणि अकाउंट बंद व्हायच्या आधी

पहिल्या लेखापासून झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, ब्राउझरमधून एका क्लिकवर लेखाची सगळी माहिती आणि पीडीएफ आत येते. ऑनलाइन जागा ३०० एमबीच मोफत मिळते, पीडीएफने ती लवकर भरते, म्हणून फायली लॅपटॉपवर ठेवा आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर कॉपी करा. आमच्याकडे लाइट जाते-येते, एकदा लॅपटॉप बसला की सगळं गेलं.

व्हायवा झाला की लायब्ररीचं नो ड्यूज घ्यावं लागतं आणि ते घेतलं की लॉगिन बंद होतं. कधी त्याच संध्याकाळी, कधी महिन्याने. पुस्तक करायचं असेल, प्रबंधातून लेख काढायचे असतील, तर जे जे लागणार आहे त्याची यादी आधी करा आणि ते लेख रोज थोडे थोडे उतरवून घ्या, मगच नो ड्यूजच्या फॉर्मवर सही घ्यायला जा. जाताना डिपॉझिटची ती पावती सोबत न्या.